चार चाळींचे चार टायर

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण ज्या दिवशी ह्यांनी मिलिटरीच्या लिलावातून फोर बाय फोर ट्रक आणून आमच्या चाळीसमोरच्या मैदानात उभा केला, त्या दिवसापासून मी पाठीमागे सरळ भिवा म्हणते. तोंडावर अजून 'अहो'च आहे. तेवढी माणुसकी ठेवलीय.

माणसं रिटायर झाली की काय करतात? गावचं घर बांधतात, बुद्धगयेला जाऊन येतात, नाहीतर पहाटे बागेत जाऊन हात वर करून हसतात. आमच्या भिवाने जन्मभर डेपोत मिलिटरीचे ट्रक चालवले आणि सुटला तेव्हा त्यातलाच एक घरी घेऊन आला. कैद्याने सुटताना गज उपटून आणावेत, त्यातली गत. मी म्हटलं, "अहो, अख्ख्या लोअर परळात डोंगर नाही, नदी नाही. चिखल म्हणाल तर पालिकेने खणलेला रस्ता. इथे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी काय करायचीय?"

"बाबासाहेबांचा रथ ओढायचाय," भिवा म्हणाला.

माझे सासरे मिलमध्ये होते. जयंतीला ते हातगाडीवर बाबासाहेबांचा फोटो ठेवायचे, शेजारी लहानग्या भिवाला बसवायचे आणि गाडी स्वतः ओढायचे. ते भिवाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ट्रक आला तेव्हापासून दर चौदा एप्रिलला चारही चाळींच्या मिरवणुकीचा रथ म्हणजे भिवाचा ट्रक, आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या कडक कपड्यांत भिवा. बाकी वर्षभर ते धूड मैदानाच्या कोपऱ्यात उभं. चाळीने त्याचं नाव ठेवलं हत्ती. "बकुळाच्या दारी हत्ती झुलतोय," असं बायका मला चिडवायच्या. मी म्हणायची, झुलतोय कुठे, गळतोय. खाली ऑइलचं थारोळं बघा आधी.

भिवाचा एक रोग आहे. त्याला डिफरन्शियल समजावून सांगायला आवडतं. कोणालाही. साखरपुड्याला, मयताच्या पुण्यानुमोदनाला, दवाखान्याच्या बाकावर. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. हा गोळा दोघांना ज्याच्या त्याच्या चालीने चालू देतो. इतकंच. पण भिवा त्याचे प्रकार सांगायला लागला की चहा गार होतो.

"साधा डिफरन्शियल भोळा असतो," तो म्हणायचा. "एक चाक चिखलात नुसतं गरगर फिरतंय ना, सगळी ताकद त्यालाच देतो. घट्ट जमिनीवरचं चाक बसतं बोंबलत."

"म्हणजे आपलं घर," मी म्हणायची. "राबणारी उपाशी आणि मैदानात फिरणाऱ्याला दुसरी वाढ."

"दुसरा लिमिटेड स्लिप. तो थोडं चालवून घेतो, पण फार लाड करत नाही."

"म्हणजे मी."

"आणि तिसरा लॉकवाला. दांडा टाकला की दोन्ही चाकं एकाला एक बांधली. फिरली तर दोघं सारखी, नाहीतर कोणीच नाही. वळण असो, खड्डा असो, ऐकायचं नाही."

ह्यावर आम्ही दोघंही सासूबाईंकडे बघायचो. जाईबाई म्हणजे माझी सासू. खाटेवर बसून लसूण सोलत असतात आणि ऐकू येत नाही असं दाखवतात.

आमच्या हत्तीला दोन दांडे होते. एक टाकला की पुढची चाकंही मागच्यांबरोबर ओढायला लागायची, म्हणजे फोर बाय फोर. दुसरा टाकला की मागची दोन चाकं एकमेकांना लॉक. दोन्ही दांडे चिखलात, वाळूत वापरायचे, कोरड्या डांबरावर चुकूनही नाही, हे भिवानेच मला शंभरदा सांगितलेलं. लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. हत्तीचे टायर पार गेले होते. जयंती मंडळाचा अध्यक्ष झालेला चाळ नंबर दोनचा विकास. पोरगा चांगला आहे, आयटीत आहे, पण सगळं मोबाईलवर मागवायची सवय. त्याने मीटिंगमध्ये सांगितलं, "भिवाकाका, राग मानू नका. ह्या वर्षी शेवटचं बघू. रथ वाटेत अडला तर पुढच्या वर्षीपासून भाड्याने ट्रेलर मागवायचा. लायटिंगसकट मिळतो. आणि हत्ती भंगारात द्यायचा. मैदानाचा कोपरा तरी मोकळा होईल."

भिवा उठून चालता झाला. घरी येऊन जेवला नाही. बोंबलाचं कालवण होतं तरी जेवला नाही, तेव्हा मला कळलं की पाणी डोक्यावरून गेलंय. मी त्या ट्रकला रोज शिव्या घालते, पण भंगार म्हटल्यावर माझंही ताट तसंच राहिलं, खोटं कशाला बोलू.

टायरची शक्कल सासूबाईंची. त्या म्हणाल्या, "वर्गणीचे पैसे मागशील तर कोण देणार नाय. पैसा डब्यात गेला की कोणाचा कुठला, दिसत नाय. टायर दिसतो. चार चाळी हायत, चार चाकं हायत. एकेका चाळीला एकेक टायर माग."

बघता बघता चारही चाळी पेटल्या. एका आठवड्यात चार टायर मैदानात. चाळ नंबर एकचा गुणाजी, हा भिवाचा बालमित्र आणि जन्माचा हाडवैरी, त्याने सगळ्यात मोठा टायर आणला. "आमची चाळ पहिली, टायरही पहिल्या नंबरचा." विकासच्या दोन नंबरने ऑनलाइन मागवला, तो निघाला लहान. आमच्या तीन नंबरने दुसऱ्या ट्रकचा उतरवलेला, वर नवीन रबर चढवलेला आणला, तोही लहान. चार नंबरवाल्यांनी गुणाजीचा मोठा बघितला आणि मुद्दाम तेवढाच मोठा शोधून आणला. वर प्रत्येकाने आपापल्या टायरवर पांढऱ्या पेंटने चाळीचा नंबर लिहिला.

मी भिवाला गाठलं. "अहो, तुम्हीच सांगता ना, चारही टायर सारखे पाहिजेत? हे काय मांडून ठेवलंय? दोन परत करा."

"कोणाचे परत करू?" भिवा म्हणाला. "कोणाचं मन मोडू सांग."

हा माणूस डेपोत मेजरला तोंडावर नाही म्हणायचा. पण चाळीत कोणाला नाही म्हणायची वेळ आली की ह्याचं पाणी होतं. आता कुठल्या चाळीचं चाक कुठे लावायचं ह्यावरून जुंपली. पुढचं चाक सगळ्यांना पाहिजे. पुढचं फोटोत येतं, पुढच्याला हार पडतो, मागच्यावर फक्त धूळ. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. पुढे उजवीकडे गुणाजीचा मोठा, डावीकडे विकासचा लहान. मागे डावीकडे आमचा लहान, उजवीकडे चार नंबरचा मोठा. म्हणजे पुढेही एक मोठा एक लहान, मागेही एक मोठा एक लहान. हत्ती उभ्या जागी असा दिसत होता की एक पाय मोडलेल्या पलंगाला कोणीतरी वीट लावलीय.

"साध्या डिफरन्शियलवर हळूहळू नेतो," भिवा म्हणाला. "तेवढं निभावेल."

आणि निभावलंही असतं. पण जयंतीच्या संध्याकाळी काय झालं सांगते.

रथ सजला. बाबासाहेबांचा मोठा फोटो, बुद्धाची मूर्ती, निळ्या पताका, आणि फोटोशेजारी खुर्चीवर पांढऱ्या साडीत सासूबाई. चाळीतली सगळ्यात म्हातारी बाई रथावर बसते, असा आमच्यात रिवाज आहे. मी खाली लेझीमच्या पोरींना रांगेत ठेवत होते. जन्म बालवाडीत शिकवण्यात गेला माझा, त्यामुळे रांग मोडलेली मला सहन होत नाही. ताशा वाजायला लागला. हत्ती मैदानातून निघणार, एवढ्यात गुणाजी केबिनच्या खिडकीशी आला.

"काय भिवा, नुसतंच फोर बाय फोर फोर बाय फोर करतोस. कधी टाकलेलं तर बघितलं नाय कोणी. का ते दांडे शोचे हायत?"

आजूबाजूची पोरं हसली. विकासही हसला. मी तिथून ओरडले, "अहो, लक्ष देऊ नका." पण ताशापुढे माझा आवाज कुठला ऐकू येणार. आणि ऐकू आला असता तरी काय? माझ्या नवऱ्याचे कान मला माहीत आहेत, ते अशा वेळी आतून बंद होतात. भिवाने छाती काढली आणि पहिला दांडा टाकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्यांवर त्याने दुसराही टाकला.

झालं. मागची दोन चाकं एकमेकांना बांधली गेली. एक मोठं, एक लहान. तीन पायांच्या शर्यतीत ताडमाड माणसाला बुटक्याबरोबर बांधलं तर जोडी कुठे जाते? बुटक्याच्या बाजूला. लहान चाक आमचं, डावीकडचं. हत्ती डावीकडे ओढायला लागला.

पहिल्या नाक्यापर्यंत भिवाने दात-ओठ खात सरळ ठेवला. नाक्यावर आम्हाला उजवीकडे वळायचं. डावीकडे मॉल. पूर्वी तिथे मिल होती, माझे सासरे ज्या मिलमध्ये होते तीच. ताशावाले उजवीकडे वळले. लेझीम उजवीकडे वळलं. बाबासाहेब, भगवान बुद्ध आणि माझी सासू डावीकडे निघाले.

भिवा स्टिअरिंग उजवीकडे फिरवत होता, पुढची चाकं उजवीकडे बघत होती, आणि हत्ती मान वाकडी करून धापा टाकत थेट मॉलच्या पार्किंगच्या तोंडात शिरला. तिथे थांबला तो थांबलाच. वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला. "अंकल, पार्किंग फुल है. और ये टू-व्हीलर का एन्ट्री है."

वरून सासूबाई म्हणाल्या, "मिलची पाळी बदलायची वेळ झाली वाटतं. हत्तीला वाट पाठ हाय."

मी पळत केबिनशी गेले. भिवा दोन्ही हातांनी दांडा खेचत होता. निघेना. आतल्या गिअरना पीळ बसला होता. ओल्या चादरीला दोघांनी दोन बाजूंनी पिळावं आणि कोणीच सोडू नये, तसं. जरा मागे घेतला असता तर सुटला असता, पण मागे अख्खी मिरवणूक आणि डीजेचा टेम्पो. खालून जळक्या तेलाचा वास यायला लागला. घाम तर भिवाच्या कपाळावर असा, की मला एकदम त्याची दया आली. शिव्या देणार होते, त्याऐवजी पदर पुढे केला.

विकास आला. त्याच्या हातात मोबाईल होता आणि ट्रेलरवाल्याचा नंबर स्क्रीनवर. "काका, मी बोललो होतो," तो म्हणाला. वाईट वाटून म्हणाला, पण म्हणालाच.

भिवा खाली उतरला. चाकांकडे बघितलं. मग कधी नव्हे ते मोठ्या आवाजात म्हणाला, "चूक माझी. मला माहीत होतं, तरी दांडा टाकला. आता जॅक लावून मागचं चाक उचलतो, पीळ सुटेल, दांडे निघतील. पण मागची दोन चाकं अशी लहान-मोठी ठेवून ओझं ओढलं तर मधला गोळा जळणार. आत्ताच तापलाय. मागे दोन्ही मोठे पाहिजेत. गुणाजीचं पुढचं चाक मागे घेतो, आमच्या चाळीचं मागचं पुढे लावतो. मग हत्ती चैत्यभूमीपर्यंतही जाईल."

गुणाजीने एवढंच ऐकलं की त्याचं चाक मागे. "अच्छा," तो म्हणाला, "म्हणजे हा डाव होता. ट्रक मुद्दाम अडवायचा आणि तुमच्या चाळीचं चाक पुढे आणायचं. चिठ्ठी निघालीय आमची. नाय हलणार."

"तर मग विकासचं मागे घेतो," भिवा म्हणाला. "मागे दोन्ही लहान, तेही चालेल. चार नंबरचं पुढे लावतो."

आता विकासने मागे बघितलं. अध्यक्षाच्या चाळीचं चाक मागे? त्याच्या मागे दोन नंबरची पोरं उभी होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की असं झालं तर घरी येऊ नकोस. चार नंबरवाले मात्र पुढे यायला एका पायावर तयार. त्यावर एक नंबरवाले म्हणाले, त्या चार नंबरच्या शेजारी आमचं चाक फिरणार नाही, कबड्डीची फायनल विसरलो नाही आम्ही. मिरवणूक बाजूला राहिली आणि मॉलच्या दारात चार चाळींची सभा भरली. बंदोबस्ताचा हवालदार घड्याळ बघायला लागला. भिवा जॅक हातात घेऊन मधोमध उभा. त्याच्या डोळ्यांसमोर हत्ती भंगारात चालला होता, आणि ह्या चाळवाल्यांना पुढचं-मागचं सुचत होतं. माझं डोकं सटकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वरून आवाज आला.

"ताशा बंद करा रे."

ताशा बंद झाला. सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. एक हात फोटोच्या चौकटीवर.

"गुणाजी, तुझा आजा नि माझा सासरा एका गावचे," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "गावात पुढनं कोणी चालायचं नि मागनं कोणी, ते गाववाले ठरवायचे. आपण मागनं. लांबनं. त्या रागाने दोघं मुंबईला आले. नि तुम्ही तेच पेंटने टायरावर लिवून आणलंत? ते पण ह्यांच्या रथाला?"

वॉचमनने शिट्टी तोंडातून काढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सांगायला लाज कसली.

गुणाजीने टायरवरच्या आपल्या नंबराकडे बघितलं. मग बाह्या वर केल्या आणि भिवाच्या हातातून पाना घेतला. "आण इकडे," म्हणाला. "तुला नट सैल करता येत नाय अजून, शाळेपासून बघतोय." विकासने मोबाईल खिशात घातला आणि पांढऱ्या शर्टातच ट्रकखाली शिरला. भिवाने आईला हात दिला, "आये, उतर, ट्रक उचलायचाय." तर त्या म्हणाल्या, "मी उतरणार नाय. माझ्यासकट उचल." त्यांच्यासकट उचलला. मागचं चाक जमिनीवरून सुटलं तसा आत धाडकन आवाज झाला, पीळ सुटला, आणि दोन्ही दांडे लोण्यातून सुरी निघावी तसे बाहेर आले. गुणाजीचं चाक मागे गेलं, आमचं पुढे आलं. हत्तीने मान सरळ केली, जरा मागे येऊन उजवीकडे वळला, आणि शेवटपर्यंत कुठे म्हणून अडला नाही.

परत आल्यावर मैदानात सगळे सरबत पीत उभे होते. गुणाजीचं तोंड उतरलेलंच. त्याच्या चाकाला धूळ लागली होती, हार नव्हता. भिवाला ते बघवेना. तो म्हणाला, "गुण्या, येडा हायस काय? फोर बाय फोर काढल्यावर ओढतं कोण? मागची चाकं. पुढची नुसती वाट दाखवतात. आजचा रथ तू नि चार नंबरने ओढला. आमचं चाक पुढे नुसतं मिरवत होतं."

गुणाजीने हे ऐकून घेतलं. मग सरबताचा ग्लास ठेवला आणि हा निरोप घेऊन चारही चाळींत फिरून आला.

पुढच्या रविवारी मंडळाची मीटिंग. विकासने ट्रेलरचा विषय स्वतःच काढून टाकला, कारण त्याला बोलूच दिलं नाही. एक नंबर म्हणाला, ट्रेलर आला तर आमचं ओढणारं चाक कुठे लावणार? चार नंबर म्हणाला, मागची उजवी बाजू आमची कायमची. आमची तीन नंबरची माणसं उठून उभी राहिली, म्हणाली, एक वर्ष फुकट पुढे मिरवलो, आता आम्हाला मागे पाहिजे. विकासची पोरं म्हणाली, अध्यक्षाचं चाक मागेच असायला हवं. हत्ती भंगारात द्यायचं कोणाच्या डोक्यातही राहिलं नाही. तो गेला तर भांडायचं कशावरून?

भिवा उभा राहिला. "एक करा," म्हणाला. "चारही चाळींनी मिळून चार सारखे टायर घ्या. वर नाव नको, नंबर नको. मग मी फोर बाय फोर टाकतो. चारही चाकं ओढतील. पुढचं-मागचं राहणारच नाही." टाळ्या पडल्या. गुणाजीने सगळ्यात आधी वाजवल्या.

घरी आल्यावर मी ताट वाढलं. बोंबलाचं कालवण. भिवा मांडी ठोकून बसला आणि दुसरी वाढ मागून घेतली. माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट घोळत होती.

"अहो," मी म्हटलं, "टायर सारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकत नाहीत ना? तुम्हीच सांगता."

"नाही टाकत."

"मग आज सगळ्यांना काय सांगून आलात?"

भिवाने बोंबलाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "दांड्यावर हात ठेवीन, टाकल्यासारखं करीन. केबिनमध्ये कोण बघायला येतंय?"

मी काही म्हणणार, तेवढ्यात खाटेवरून लसूण सोलण्याचा आवाज थांबला.

"रथावर मी बसते," सासूबाई म्हणाल्या. "मला वरनं सगळं दिसतं. पण नाय सांगणार कोणाला."